नाव कुणी लपवलं?

मागच्या महिन्यात हापिसातल्या टीमबरोबर महाबळेश्वरला गेलो होतो. टीम आउटिंग म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. वाईला मिसळ, पसरणी घाटात दोघा-तिघांना मळमळ, आणि पाचगणीला गाडी थांबवून स्ट्रॉबेरी विथ क्रीम. बसमध्ये कुणीतरी क्वीनची गाणी लावली होती. पाचगणीत शिरताना मी सहज बोलून गेलो, "हा माणूस इथे शाळेत होता."

"कुठला माणूस?" आमच्यातल्या सगळ्यात ज्युनियर मुलाने कानातला इयरफोन काढून विचारलं.

"हाच. आत्ता गातोय तो."

पुढची दहा मिनिटं बसमध्ये कुणी अंताक्षरीचं नाव काढलं नाही. निम्म्या लोकांना मी फेकतोय असं वाटलं, उरलेले मोबाइल काढून शोधत बसले. शोधल्यावर तो मुलगा जवळजवळ चिडूनच म्हणाला, "मी दहा वर्षं ऐकतोय याला. मला हे कुणी सांगितलं का नाही?"

त्याची चिडचिड मला अगदी ओळखीची वाटली. कारण एकेकाळी माझीही तीच झाली होती. कॉलेजात माझ्याकडे क्वीनच्या गाण्यांची एमपीथ्री सीडी होती आणि भिंतीवर फ्रेडी मर्क्युरीचं पोस्टर. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पाचगणीला किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही. आणि तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं! आधी आनंद झाला, मग स्वतःचीच लाज वाटली, आणि मग जो भेटेल त्याला सांगत सुटलो. उशिरा कळलेल्या गोष्टीचं असंच असतं.

ज्यांना अजून माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फरोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील पारशी, मूळ गुजरातमधल्या बलसाडकडचे, म्हणून बलसारा. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. 'फ्रेडी' हे नाव तिथल्याच मित्रांनी पाडलेलं. पियानो शिकला तिथेच, आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला तोही तिथेच. त्या बँडमधला एकजण पुढे नेपाळी सैन्यात मेजर जनरल झाला, एकाने लंडनला जाऊन 'माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट' (१९८५) या सिनेमात काम केलं, आणि एकाने आपल्या पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. म्हणजे क्वीनवर जीव टाकणाऱ्या किती पुणेकरांनी फ्रेडीच्या बँडमेटच्या हॉटेलात सिझलर खाल्लं असेल आणि त्यांना पत्ताही नसेल! १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं, १९७० मध्ये क्वीन सुरू झालं, आणि पुढचं जगाला माहीत आहे.

तर हा किस्सा सांगून झाल्यावर त्या मुलाने जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलोय. तो म्हणाला, "पण सर, मग हे लपवलं कुणी?"

साधा प्रश्न. पण परतीच्या प्रवासात मी तोच घोळवत होतो. गाण्यांबद्दल, गायकांबद्दल आपल्याला उशिरा कळलेल्या गोष्टी आठवून बघा. वरवर सगळ्या सारख्याच वाटतात: "अरे, तुला माहितीये का..." करून चहावर सांगायच्या. पण "लपवलं कुणी?" असं विचारलं की त्यांचे दोन सरळ ढीग पडतात. काही गोष्टी त्या माणसाने स्वतः झाकून ठेवलेल्या असतात. आणि काही दुसऱ्यांनी झाकलेल्या असतात. माझं म्हणणं असं की पहिल्या ढिगातल्या गोष्टी म्हणजे गंमत आहे, दुसऱ्या ढिगातल्या म्हणजे थकबाकी. आपण मात्र दोन्हींवर सारखंच "वॉव" म्हणून मोकळे होतो.

पहिल्या ढिगात फ्रेडी आहे. त्याने पाचगणीबद्दल आणि आपल्या मुळांबद्दल जाहीरपणे फारसं कधी सांगितलं नाही. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला तेव्हा अंत्यविधी पारशी पद्धतीने झाले, पण जगासमोर तो आयुष्यभर फ्रेडी मर्क्युरीच राहिला. २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमा आल्यापासून आपल्याकडे 'आपला फरोख' म्हणून फॉरवर्ड फिरतात. मला ते वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं. पाचगणीच्या त्या पियानोचा अभिमान जरूर बाळगावा, पण माणसाने स्वतः निवडलेलं नाव खोडून आपण आपलं लावू नये.

याच ढिगात प्रिन्स आहे. १९८६ मध्ये 'द बँगल्स' या मुलींच्या बँडचं 'मॅनिक मंडे' अमेरिकेच्या चार्टवर दुसऱ्या नंबरवर पोचलं. त्यावर गीतकार म्हणून नाव होतं 'क्रिस्टोफर'. हा क्रिस्टोफर म्हणजे प्रिन्स. आणि तेव्हा पहिल्या नंबरवर कुठलं गाणं होतं? प्रिन्सचंच 'किस'! म्हणजे पठ्ठ्याने स्वतःच स्वतःला मागे ठेवलं होतं :-) पॉल मॅकार्टनीनेही १९६६ मध्ये 'वुमन' हे गाणं पीटर आणि गॉर्डन या जोडीला बर्नार्ड वेब या खोट्या नावाने दिलं होतं. नाव बाजूला ठेवलं तरी आपलं गाणं चालतं का, हे त्याला बघायचं होतं. मोठ्या माणसाला पडणारा हा अगदी खरा प्रश्न आहे.

आणि आपल्याकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे आनंदघन. भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटांना संगीत देणारे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण हे समारंभातच जाहीर करावं लागलं. माझ्या आजीच्या पिढीला हे माहीत होतं. माझ्या पिढीतले निम्मे लोक 'ऐरणीच्या देवा' ऐकत मोठे झाले आणि त्याचं संगीत कुणाचं हे तिशीत कळलं. कळल्यावर छान वाटतं. कारण त्यात कुणाचं काही गेलेलं नाही. ज्याने गाठ मारली त्याच्याच हातात ती सोडायची दोरी होती.

आता दुसरा ढीग.

गंमत बघा, त्याचीही सुरुवात लतादीदींपासूनच होते. १९४९ चा 'महल'. त्यातलं 'आएगा आनेवाला' लागलं की लोक रेडिओपाशी येऊन बसायचे. पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेलं पात्र! खरी गाणारी बाई रेकॉर्डवर नव्हतीच. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचलं. त्या काळी हे चालायचं, पात्राच्या नावावर रेकॉर्ड निघायची. पुढे पार्श्वगायनासाठी फिल्मफेअर पुरस्कारच नाही म्हणून दीदींनी त्या समारंभात गायला नकार दिला, आणि नंतर १९५९ मध्ये गायनाचा पहिला पुरस्कार त्यांनाच 'मधुमती'च्या गाण्यासाठी मिळाला.

म्हणजे 'कामिनी' आणि 'आनंदघन', बाई एकच. दोन्ही वेळा खरं नाव छापलेलं नाही. पण एकदा ते दुसऱ्यांनी गाळलं होतं आणि एकदा त्यांनी स्वतः बाजूला ठेवलं होतं. ज्याला नाव मिळालंय त्यालाच ते लपवायची चैन परवडते. माझा सगळा मुद्दा या दोन नावांमधल्या फरकात आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत १९९० मध्ये 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'चं एक नाचाचं गाणं तुफान गाजलं. त्यातला तो दणदणीत बाईचा आवाज मार्था वॉशचा. व्हिडिओत मात्र ओठ हलवताना दिसते दुसरीच, सडपातळ मुलगी. मार्था वॉश कोर्टात गेली, शेवटी तडजोड झाली आणि त्या व्हिडिओवर आवाज कुणाचा हे लिहावं लागलं. त्याआधीचं मोटाऊनचं उदाहरण तर आणखी मोठं. साठच्या दशकातली त्या कंपनीची एकाहून एक हिट गाणी डेट्रॉइटच्या एका घरातल्या स्टुडिओत ठराविक वादकांनी वाजवली. 'फंक ब्रदर्स' म्हणतात त्यांना. अल्बमवर त्यांची नावं आली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आणि बाहेरच्या जगाला त्यांचे चेहरे नीट दिसले ते २००२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघाला तेव्हा. तोवर त्यांतले बरेचजण गेलेही होते.

आता परत आपल्या मुंबईत येऊ. 'दम मारो दम' (१९७१) च्या सुरुवातीची ती गिटार कुणी वाजवली? भूपिंदर सिंगने. तोच, 'मौसम'मध्ये 'दिल ढूँढता है' गाणारा. 'गाइड' (१९६५) मधल्या 'मोसे छल किए जाए'वर तबला कुणाचा? संतूरवाल्या पंडित शिवकुमार शर्मांचा! 'है अपना दिल तो आवारा' (१९५८) मधला माउथ ऑर्गन? राहुलदेव बर्मन, म्हणजे आपला पंचम. 'रूप तेरा मस्ताना' (१९६९) मधलं ते अंगावर येणारं अॅकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचं. आणि 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला अंड्यातून बाहेर येणारा अँथनी गोन्साल्विस, हे नावही हवेतून आलेलं नाही. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक आणि अॅरेंजर, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे गुरू. शिष्याने गुरूला अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं, आणि देशाला वाटलं हे विनोदी नाव आहे.

यातली भूपिंदर, शिवकुमार, पंचम ही नावं आपल्याला कळली, कारण ते पुढे दुसऱ्या कारणाने मोठे झाले. लोकांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यात हे किस्से आले. जे पुढे मोठे झाले नाहीत त्यांचं काय? त्याच गाण्यात मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवणारे, ज्यांची मुलाखत कुणी घेतलीच नाही?

हे मी इतक्या तावातावाने का लिहितोय ते आता सांगतो.

गिरगावात आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. आम्ही पोरं त्यांना व्हायोलिनवाले काका म्हणायचो. सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काळी पेटी घेऊन ते ताडदेवच्या फिल्म सेंटरला नाहीतर दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत जायचे. संध्याकाळी आले की गॅलरीत उभं राहून चहा प्यायचे. आम्हाला त्यांच्यात काडीचा रस नव्हता. रियाज सुरू झाला की खालून "काकाss, मॅच चालू आहे!" म्हणून ओरडायचो. ते हसून खिडकी लावून घ्यायचे.

एकदाच, मी अकरावीत असताना, जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं होतं, "काका, तुम्ही कुठल्या गाण्यांत वाजवलंय?" ते म्हणाले, "अरे, आम्हाला कुठे गाण्याचं नाव माहीत असतं? समोर कागद येतो, वाजवायचं, पाकीट घ्यायचं, निघायचं. नंतर कधीतरी पानाच्या दुकानावर लागतं, तेव्हा कळतं की अरे, हे आपण वाजवलंय." आणि मग त्यांनी दोन-तीन गाण्यांची नावं सांगितली.

ती नावं मला आज आठवत नाहीत. मला क्लासला उशीर होत होता.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. चाळही गेली, तिथे टॉवर आहे. मला फ्रेडीच्या शाळेचं नाव माहीत आहे, प्रिन्सचं टोपणनाव माहीत आहे. पण आमच्याच जिन्यावरचा माणूस कुठल्या गाण्यात आहे हे मला माहीत नाही. जुनं गाणं लागलं आणि मागून व्हायोलिन्सची लाट आली की दर वेळी वाटतं, यात असतील का?

आता यावर माझे काही मित्र म्हणतील, "अरे, पण गाणं संगीतकाराचं असतं. वादकांना त्यांचे पैसे मिळाले. शंभर वादकांची नावं रेकॉर्डवर छापणार कुठे?" मुद्दा अगदीच चूक नाही. चाल बांधणारा तो बांधणाराच. आणि अडीच-तीन मिनिटांच्या तबकडीच्या कागदावर खरंच जागा नव्हती. पण तेव्हा कागदावर जागा नव्हती म्हणून वादकाने वाजवलेलं कमी होत नाही. आणि पैसे मिळाले म्हणजे नावाचा हक्क संपला, हे निदान आपल्या धंद्यातल्या लोकांनी तरी म्हणू नये.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही तिघांनी तीन महिने रात्री जागून रिपोर्टिंगचं एक मॉड्यूल लिहिलं होतं. क्लायंटसमोर डेमो झाला तेव्हा स्लाइडवर एकच नाव होतं, साहेबांचं. पगार वेळेवर मिळाला होता हो, तक्रार नाही. पण त्या रात्री घरी गेल्यावर जेवण गेलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली आणि जरा बरं वाटलं: स्लाइडवर कुणाचंही नाव असो, कोडच्या इतिहासात आमचीच नावं आहेत. कुठली ओळ कुणी, कुठल्या तारखेला लिहिली, सगळं नोंदलेलं आहे. उद्या कुणी शोधायला गेला तर सापडेल.

ही सोयही फुकट मिळालेली नाही. अटारी कंपनी सुरुवातीच्या काळात व्हिडिओ गेमवर प्रोग्रामरची नावं देत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने १९८० च्या सुमारास आलेल्या 'अॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिच्यात 'हा गेम रॉबिनेटने बनवला' एवढंच लिहून ठेवलं. वरिष्ठांना सांगितलं नाही. तो नोकरी सोडून गेल्यावर खेळणाऱ्या एका मुलाला ती खोली सापडली. आज आपण ज्याला ईस्टर एग म्हणून हसतो, तो एका माणसाने चोरून लिहिलेला स्वतःच्या नावाचा बोर्ड आहे. व्हायोलिनवाल्या काकांना अशी खोली बांधायची सोय नव्हती. टेपला कमिट लॉग नसतो.

पण आता तर जागेचाही प्रश्न नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये गाण्याखाली श्रेयनामावली दाखवायला सुरुवात केली. नव्या इंग्रजी गाण्यात मिक्सिंग करणाऱ्यापर्यंत नावं मिळतात. आपल्या जुन्या गाण्यांना मात्र बहुतेक ठिकाणी गायक, संगीतकार, गीतकार या तिघांपुढे काही नसतं. नावं सापडणारच नाहीत असं नाही. ग्रेगरी बूथ नावाच्या प्राध्यापकाने मुंबईत येऊन या वादकांना भेटून २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. बाहेरून आलेल्या माणसाने हे केलं, आणि मी त्याच चाळीत राहून जिन्यात मिळालेलं उत्तर विसरलो.

म्हणून मंडळी, एक विनंती. पुढच्या वेळी "तुला माहितीये का" असं म्हणून एखादी गोष्ट सांगाल तेव्हा मनात एवढंच विचारा, की हे लपवलं कुणी? त्या माणसाने स्वतः लपवलं असेल तर मजा घ्या आणि त्याची इच्छा सांभाळा. दुसऱ्यांनी लपवलं असेल तर नुसतं "वॉव" म्हणून थांबू नका. त्याचं नाव घ्या, स्पेलिंगसकट लिहा, जिथे माहिती दुरुस्त करता येते तिथे दुरुस्त करा. आणि फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. वाजवणाऱ्याने किंवा त्याच्याबरोबर वाजवणाऱ्याने सांगितलेलं असेल तर धरा, नाहीतर एका चुकीच्या नावाखाली दुसरं खरं नाव गाडलं जाईल.

आणि तुमच्या सोसायटीत, नात्यात, असे कुणी व्हायोलिनवाले, ढोलकीवाले, कोरसमध्ये गाणारे आजी-आजोबा असतील, तर या शनिवारी त्यांच्याकडे जा. चहा प्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "कुठल्या गाण्यांत वाजवलंत?" क्लासला उशीर होत असेल तरी ऐका.

ता.क. परत येताना पाचगणीला गाडी पुन्हा थांबवायला लावली त्या मुलाने. शाळेच्या फाटकाबाहेर फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं होतं: 'सरांकडून कळलं.' म्हटलं, चला, निदान याने तरी क्रेडिट दिलं :-)